कुणालाच नको असलेलं नाव

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत अगदी मागच्या अंगाला, जिथं डांबर संपतं आणि बाभळी सुरू होतात, तिथं एका पत्र्याच्या शेडवर पाटी होती : विक्रम स्प्रिंग वर्क्स. मालक विक्रम शिंगाडे. कागदावर विक्रम, पाटीवर विक्रम, कंपन्यांच्या गेटवरच्या वहीत विक्रम. तो राहायचा त्या रांजणगाव शेणपुंजीत मात्र जुनी माणसं त्याला अजून भिकनच म्हणायची. तसं कुणी म्हटलं की भाकरीत खडा लागल्यासारखा त्याचा जबडा थांबायचा.

नाव आईनं ठेवलेलं. सखूबाईची आधीची लेकरं पाळण्यातच गेली होती. दौलताबादच्या किल्ल्याखाली मेंढरं चारणाऱ्या त्या घरात हे लेकरू जन्मलं, तेव्हा तिनं पाच घरी पदर पसरला, जुन्या कापडाचे तुकडे मागून आणले, त्यांचं अंगडं शिवलं, ते लेकराच्या अंगात घातलं आणि नाव ठेवलं भिकन. भीक मागून आणलेला. मागून आणलेल्या, चिंध्यांतल्या पोरावर कोण कशाला नजर ठेवील? यमही म्हणेल, ऱ्हाऊ द्या, दुसरीकडं बघतो. गावात एक कचरू होता, एक कडूबा होता, त्यांच्या आयांचाही विचार हाच. तिघंही जगले. तेव्हा नावाबद्दल तक्रार करायला तिघंही जिवंत होते, हे सखूबाईचं म्हणणं खोडून काढणं अवघड होतं.

तक्रार भिकननंच केली. ऐंशीच्या दशकात वाळूजला कंपन्या आल्या, चरणीची रानं तारांच्या कुंपणात गेली, वडलांनी, म्हणजे आप्पांनी, मेंढरं विकली, बिऱ्हाड रांजणगावला आणलं आणि पोराला आयटीआयला घातलं. तिथून तो एका कारखान्यात लागला. त्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात एक कारकून होता. त्याचा आवाज नाकातून यायचा आणि तो हजेरी घ्यायचा नाही, गायचा. इतरांची नावं सरळ घ्यायचा. भिकनचं आलं की मान कलती करून, हात जोडून म्हणायचा, “पुढं हो बाबा, सुट्टे नाहीत.” मग सगळी रांग हसायची. रोज सकाळी तोच विनोद आणि रोज तेच हसू, जसं काही आजच सुचलंय. भिकनही हसायचा. हसला नसता तर आणखी रंगला असता तो खेळ.

रांगेत एक माणूस हसायचा नाही. साहेबराव. तोही भिकनच्याच गावचा, पण ओढ्यापलीकडच्या वस्तीतला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या साली गावातल्याच लोकांनी त्या वस्तीतली घरं पेटवली, त्यात साहेबरावचं छप्पर गेलं. भिकनच्या घरचे तेव्हा मेंढरांमागं पैठणकडं होते. म्हणून त्यांचे हात त्यात नव्हते, एवढंच. साहेबरावची आई राजाबाई पोरांना घेऊन शहरात आली, भावसिंगपुऱ्याकडं राहिली. पोरगं मोठं होऊन मोर्च्यांत गेलं, लाठ्या खाल्ल्या, जेलही बघून आलं, आणि कारखान्यात भिकनच्या शेजारच्या मशीनवर उभं राहिलं. दोघं जुन्या गोष्टी काढायचे नाहीत. डबा मात्र एकत्र खायचे.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. शहरात चौकाचौकात पोलीस, एका गल्लीत गुलाल आणि पुढच्या गल्लीत दारं बंद. साहेबराव कारखान्यात पेढे घेऊन आला. सगळीकडं नावाचीच चर्चा, त्यात भिकनला हुरूप आला. पेढा तोंडात धरून तो म्हणाला की आपणही नाव बदलायचं ठरवलंय, आता तुझंही झालं आणि माझंही होईल. साहेबरावनं त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं. आणखी एक पेढा त्याच्या हातावर ठेवला आणि पुढं गेला.

भिकनचा विक्रम झाला. राजपत्रात छापून आलं. घरी येऊन त्यानं आईला सांगितलं की आता ते जुनं नाव बाहेरच्या माणसांपुढं घ्यायचं नाही. सखूबाईनं ऐकून घेतलं. ती भांडली नाही. तिनं एवढंच केलं की त्या दिवसापासून त्याला कोणतंच नाव घेतलं नाही. “आरं, ऐकलं का.” “त्येला म्हनावं, जेवून घी.” शेजारणीजवळ “आमचं पोरगं”. तो समोर बसला असला तरी सुनेला सांगायची, “मनकर्णा, इचार त्येला, च्या घेतो का.” तो म्हणायचा घेतो, आणि मनकर्णा सासूला सांगायची घेतात म्हणे. असा तो चहा तीन तोंडांतून यायचा.

पुढं भिकन आणि साहेबरावनं भागीदारीत शेड काढली. साहेबराव मशीन बघायचा, भिकन ऑर्डरी आणायचा. पेनातल्या स्प्रिंगा, ब्रेकच्या स्प्रिंगा, शटरच्या स्प्रिंगा. हाताखाली माणसं आली. निम्म्याहून जास्त माल एकट्या एका मोठ्या कंपनीला जायचा, आणि दोन हजार सहाच्या गणपतीत त्या कंपनीच्या खरेदी खात्यातल्या साहेबानं सगळ्या छोट्या पुरवठादारांना बोलावून घेतलं.

या साहेबाचं एक होतं, त्याचं प्रत्येक वाक्य ‘बेसिकली’नं सुरू व्हायचं आणि कुठं संपेल ते त्यालाही माहीत नसायचं. “बेसिकली शिंगाडे, आता कसंय, परदेशातून लोक येतात आपल्याकडं, ते विचारतात माल कोणाचा, आणि आपण त्यांना काय दाखवणार, तर बेसिकली हेच.” हेच म्हणजे काय, हे बाहेर आल्यावर दुसऱ्या पुरवठादारानं सांगितलं : प्रत्येकाची स्वतःच्या नावाची वेबसाइट पाहिजे, मेलही त्याच नावाचा पाहिजे, आणि दसऱ्याच्या आत. नाही त्याचं नाव यादीतून कमी.

नाव कमी म्हणजे निम्मी शेड बंद. साहेबरावनं ऐकून घेतलं, मशीन थांबवलं आणि विचारलं की हे वेबसाइटचं नाव कुठं मिळतं. भिकन म्हणाला, काकासाहेबाकडं.

काकासाहेबांची पैठण गेटला टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. टायपिंगचे दिवस सरले तसे त्यांनी टाइपरायटर भिंतीशी लावून कॉम्प्युटर मांडले आणि पाटीवर ‘सायबर’ असं वाढवून घेतलं. पण आयुष्यभर टाइपरायटरच्या सहवासात राहून ते बोलायचेही तसेच. टप टप टप एकेक शब्द, आणि वाक्य संपलं की ‘बरं का’, जशी ओळ संपल्यावर घंटी वाजायची तशी. त्यांनी भिकनला समजावलं : वेबसाइटच्या नावाला डोमेन म्हणतात, बरं का. साऱ्या जगात ते नाव एकाचंच. ज्यानं आधी मागितलं त्याचं. विकत मिळत नाही, भाड्यानं मिळतं, दर वर्षी भाडं भरायचं, बरं का. आणि एक फुकटही मिळतं.

फुकट म्हटल्यावर भिकन पुढं सरकला. ते फुकटचं नाव असं होतं की पुढं आपलं आणि मागं शेपटाला फुकट देणाऱ्या कंपनीचं. भिकनला त्यात काही वावगं दिसलं नाही. तासाभरात वेबसाइट तयार झाली, मेलही गेला. चार दिवसांनी खरेदी खात्यातून बोलावणं आलं. साहेबानं कॉम्प्युटर त्याच्याकडं वळवला. स्प्रिंगांच्या फोटोच्या डोक्यावर टकलावर केस उगवण्याच्या तेलाची जाहिरात नाचत होती आणि खाली सुयोग्य वधूवर. फुकट देणाऱ्यानं शेपूट लावलं होतं आणि भाडं असं वसूल करत होता.

“बेसिकली शिंगाडे,” साहेब म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचं वाक्य लगेच संपलं, “हे नाही चालणार.”

मग काकासाहेबांनी दुसरा मार्ग काढला. एका कंपनीची लघुउद्योगांसाठी योजना चालू होती : मेलची खाती त्यांच्याकडून घ्यायची, ती स्वस्तातच होती, आणि पूर्ण स्वतःचं, बिनशेपटाचं, डॉट इनवालं नाव वर्षभर फुकट. पण दसऱ्यापर्यंतच, आणि एकदा घेतलं की बदलून नाही. पडद्यावर ‘विक्रम स्प्रिंग’ टाकलं. गेलेलं. उलटंपालटं करून टाकलं. तेही गेलेलं. देशभरात इतके विक्रम स्प्रिंगा वळत बसलेत, हे भिकनला माहीतच नव्हतं. राजपत्रात छापून मिळवलेलं नाव, आणि ते जिकडंतिकडं दुसऱ्याच्याच दारावर. बऱ्याच खटपटीनं ‘सुवर्ण स्प्रिंग’ मोकळं सापडलं. काकासाहेबांचं बोट बटनावर गेलं.

भिकननं त्यांचा हात धरला. पितृपक्ष चालू होता.

काकासाहेबांनी हात सोडवून घेतला नाही, कारण त्यांनाही ते पटलं. पितरांच्या पंधरवड्यात कुणी नवी विळी आणत नाही, आणि इथं तर धंद्याचं बारसं करायचं होतं. घटस्थापनेला करू, असं ठरलं. एवढं चांगलं नाव मिळालं म्हणून भिकन खुशीत होता. त्यानं ते शेडमध्ये सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं, शेजारच्या गाळ्यात सांगितलं, खरेदी खात्याच्या बाहेर रांगेत बसलेल्यांनाही सांगितलं, आणि प्रत्येकाला विचारलं की कसं वाटतं. सगळ्यांना छान वाटलं.

एवढं छान वाटलं की घटस्थापनेच्या सकाळी काकासाहेबांनी नाव टाकलं तर ते गेलेलं. कुणी उचललं ते कळेना. पण ज्यानं उचललं त्यानं तिथंच लिहून ठेवलं होतं की नाव विकणे आहे, आणि खाली असा आकडा की भिकननं तो पुन्हा वाचला नाही. काकासाहेब टाइपरायटरांकडं बघत राहिले. या खेपेला घंटी वाजली नाही.

घरी आल्यावर तो जेवला नाही. सखूबाई जोत्यावर बसून शेंगा फोडत होती. तिनं सुनेला सांगितलं, “इचार त्येला, तोंड कामून पाडलंय.” मनकर्णा आत तव्यापाशी होती. तिला ऐकू गेलं नाही, की तिनं जाणून ऐकलं नाही, कोण जाणे. उत्तर द्यायला मधलं माणूसच नव्हतं. मग भिकन आईपाशी जाऊन बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. दसरा, यादी, शेड, माणसं, नावाची ओढाताण. वेबसाइट म्हणजे काय, हे त्यानं असं सांगितलं की जगाच्या बाजारात एक पाटी, आणि एका नावाची एकच.

सखूबाई शेंगा फोडत ऐकत होती. मग थांबली.

“म्हंजी चांगलं नाव दिसलं की दुसराच उचलून नेतो?”

“व्हय.”

“सांगून ठिवलं तर आदी नेतो?”

“व्हय ना.”

“मंग मी काय येडी होते का?”

एवढं बोलून तिनं शेंगांचं सूप उचललं आणि आत गेली.

सकाळी शेडमध्ये त्यानं साहेबरावला हे सांगितलं. हसतहसत सांगितलं, म्हातारी काय बोलली बघ, अशा सुरात. साहेबराव हसला नाही. टाइम ऑफिसपुढच्या रांगेत उभा राहायचा तसाच उभा राहिला. मग कॉटन वेस्टच्या बोळ्यानं हात पुसत म्हणाला, “एक बोलू का? लई वर्षं झाली, बोललो नाय.”

भिकन म्हणाला, बोल.

“आमच्या लोकायनी एका नावासाठी सोळा वरसं काढली. घरं गेली, माणसं गेली. तुला आईनं पदर पसरून नाव आणून दिलं आन तू त्या नाकात बोलणाऱ्या कारकुनापायी टाकून दिलं. तुझं नाव, तू काय बी कर. पण त्या दिवशी तू म्हनला, तुझं बी झालं आन माझं बी व्हईल. ते एक नव्हतं, भौ.”

मशीनवर स्प्रिंग अर्धीच वळलेली होती. भिकन तिच्या टोकाला बोट लावत राहिला. साहेबरावचा आवाज आता खाली आला. म्हणाला, “त्या अंगड्यात एक तुकडा माझ्या आईच्या लुगड्याचा हाय. ठावं हाय का तुला?”

भिकनला ठाऊक नव्हतं. पाच घरं कोणती, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

“चिंधी चालली त्या दिवशी,” साहेबराव म्हणाला. “पाणी नाय चाललं.” आणि त्यानं मशीन चालू केलं.

दुपारी भिकननं पैठण गेटला जायला मोटरसायकल काढली. साहेबरावही न सांगता मागच्या सीटवर बसला. काकासाहेबांनी नवीन नावांची भेंडोळी काढून ठेवली होती, श्री, साई, ओम, सगळ्यांच्या पुढंमागं स्प्रिंग. भिकन म्हणाला, ती राहू द्या, भिकन टाका.

काकासाहेबांची बोटं अडली. त्यांनी टप टप करत समजावलं की पंचांग बघू, चांगलं काही काढू, आणि हे नाव, म्हणजे, जगापुढं, बरं का. भिकन म्हणाला, टाका तर खरं. त्यांनी टाकलं. नुसतं भिकन आणि डॉट इन. पुढं स्प्रिंग नाही, मागं वर्क्स नाही.

मोकळं होतं.

साऱ्या देशात त्या नावावर कुणाचा डोळा नव्हता. इतके विक्रम, इतके सुवर्ण एकमेकांच्या अंगावर पडत होते, आणि हे एक नाव कोपऱ्यात, जसं ठेवलं होतं तसं, जागच्या जागी बसून होतं.

काकासाहेबांनी भराभर माहिती भरायला घेतली आणि मालकाच्या जागी स्वतःचंच नाव टाकू लागले. ते म्हणाले, सगळ्यांचं असंच करतो, सोयीचं पडतं, बरं का. तेव्हा साहेबराव पहिल्यांदा बोलला. नाव ज्याचं त्याच्याच नावावर पाहिजे, म्हणाला, उद्या तुम्ही दुकान बंद केलं तर आम्ही नाव कुठं शोधायचं? काकासाहेब जरा खट्टू झाले, पण त्यांनी खोडलं. पुढच्या वर्षी भाडं भरायचं विसरू नका, एवढं मात्र दोनदा बजावलं. विसरलात तर हेही जाईल. भिकन म्हणाला, हे नाव कोण नेणार?

“असं नसतंय,” साहेबराव म्हणाला. “एकदा उजेडात आलं की नेतेत.” भिकननं मान डोलावली.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी खरेदी खात्यातून फोन आला. शेडमध्ये सगळ्यांनी हातातली कामं थांबवली. साहेब म्हणाला की बेसिकली मेल मिळाला, वेबसाइट उघडली, जाहिरात वगैरे काही नाही, छान आहे, पण हे भिकन कोण, नवीन भागीदार आहे का?

पूर्वी या प्रश्नाला भिकनकडं उत्तरं तयार असायची. गावाकडचं लाडाचं नाव आहे. आजोबांचं नाव आहे. चुकून पडलंय. तो साहेबरावकडं बघत होता, आणि साहेबराव मुद्दाम दुसरीकडं बघत होता.

“मीच साहेब,” तो म्हणाला. “आईनं ठेवलेलं.”

मग साहेब म्हणाला, लक्षात राहील असं आहे, आणि पुढच्या महिन्याच्या मालाचं बोलू लागला. भिकननं फोन ठेवला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मशीन सुरू झालं, तेवढंच.

संध्याकाळी त्यानं आईला विचारलं, पाच घरं कोणती होती. मधे मनकर्णा नव्हती. सखूबाईनं बोटांवर मोजली. लेकरू हाताशी आलं की पाची घरी नवं लुगडं द्यायचं, असं ती तेव्हा बोलली होती. चार घरी देऊन झालं होतं. पाचवं राजाबाईचं. त्या जळितानंतर तिच्या दारात कोणत्या तोंडानं जावं, हे सखूबाईला कळलं नव्हतं. मग वर्षं गेली. मग तर पोरगा भिकनच उरला नव्हता.

दसऱ्याला मायलेक दोघं भावसिंगपुऱ्यात गेले. राजाबाई अंगणात खाटेवर होती, डोळ्यांना कमी दिसायचं. सखूबाईनं लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं आणि नुसती उभी राहिली. राजाबाईनं कापड चाचपलं, काठ चाचपले, मग विचारलं, “कुनाचं हाये?”

“भिकनचं,” सखूबाई म्हणाली.

राजाबाईनं बराच वेळ लुगडं हातात धरलं. “लई उशीर केला, सखू,” ती म्हणाली. सखूबाईनं ते खाली मान घालून घेतलं. मग राजाबाईनं सुनेला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. पाण्याचा तांब्या आला. सखूबाईनं तो हातात घेतला आणि तिथंच, सगळ्यांच्या देखत, प्याली. साहेबराव दाराशी उभा राहून बघत होता. त्यानं दारातून बाजूला होऊन दोघांना आत यायला वाट दिली.

पुढच्या आठवड्यात शेडवर रंगारी आला. भिकन म्हणाला, जुनं पुसून टाक. साहेबरावनं शिडी धरली होती, तो म्हणाला, पुसू नको, विक्रम वर राहू दे, भिकन खाली लिही. आमच्या विद्यापीठाच्या नावातून मराठवाडा कुठं पुसला? नाव वाढलं, एवढंच. मग रंगाऱ्यानं ‘विक्रम स्प्रिंग वर्क्स’च्या खाली पिवळ्या रंगात लिहिलं, भिकन डॉट इन, आणि रंग उरला म्हणून भोवती एक वेलही काढली.

रांजणगाव शेणपुंजीत मात्र पाटीची गरज पडली नाही. त्या दिवसापासून संध्याकाळी जोत्यावरून हाक यायला लागली, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी. “भिकन, च्या घेतो का रं?”

“घेतो,” तो सरळ म्हणायचा, आणि चहा लवकर यायचा.